काचेच्या पेटीतला अर्ज

सातवीची सहल या वर्षी राजवाड्याला जाणार, असं ताईंनी सांगितलं तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यात जास्त आनंद मला झाला. ताई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. बाकीचे शिक्षक त्यांना बाई म्हणायचे. ताई म्हणणारी मी एकटी, आणि मला त्याचा अभिमान होता.

आमची शाळा मराठी माध्यमाची, सुरतेत, कतारगामच्या मागच्या बाजूला. एका खासगी ट्रस्टने चालवलेली. शाळेच्या एका अंगाला हिरे घासायचा कारखाना आणि दुसऱ्या अंगाला लूम, म्हणजे यंत्रमाग. दिवसभर लूमची खटखट चालायची. नवीन आलेल्या शिक्षकाला पहिला महिना ओरडून शिकवावं लागे, मग तो आवाज कानाला लागेनासा होई. मुलं बहुतेक खानदेशातली. बाप लूमवर, आई घरी बसून साड्यांचे लोंबणारे धागे कापणारी. मीही त्याच घरातली. माझे वडील धुळ्याकडून आले आणि उमेदीचं सगळं आयुष्य त्यांनी लूमसमोर उभं राहून काढलं. शेवटी शेवटी त्यांना कमी ऐकू यायचं, आणि आम्ही घरातले सगळे मोठ्याने बोलायला लागलो होतो. आजही मी हळू बोलू शकत नाही.

शाळेत लागले तेव्हा मी बोलायला घाबरायचे. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती, कॉलेजात हिंदी. पुस्तकातली मराठी मला लिहिता यायची, बोलताना मात्र सगळे ‘ण’ ‘न’ व्हायचे. पहिल्याच आठवड्यात सहावीच्या वर्गात मी ‘पानी’ म्हटलं आणि मागच्या बाकावरची मुलं नाही, तर दारातून जाणारे एक शिक्षक हसले. ताईंनी ते पाहिलं होतं. त्या साताऱ्याच्या, वडील शिक्षक, भाषा अशी की ऐकत राहावं. त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी मला रिकाम्या वर्गात बसवलं आणि म्हणाल्या, “रोज दहा मिनिटं. पाणी, लोणी, कणीक, वेणी. कुणाला सांगायचं नाही.” पंधरा दिवस आम्ही ते केलं. त्यांनी खरंच कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतरची चौदा वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा दोन दुपारी त्या तिच्याजवळ बसल्या, मी घरी जाऊन आंघोळ करावी म्हणून. त्यांचे यजमान अर्धांगाने अंथरुणाला खिळले तेव्हा शनिवारची शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी जाऊन त्यांना कूस बदलायला मदत करायचे. हे सगळं सांगते आहे ते एवढ्यासाठी, की पुढचं घडलं ते कुणा परक्या माणसाने केलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली. ट्रस्टच्या अध्यक्षांना त्या जागेवर इंग्रजी माध्यमाची शाळा काढायची होती. मुलांची संख्या कमी होत होती हे खरं होतं, पण जी होती ती जाणार कुठे, हे कुणी सांगत नव्हतं. मी ताईंकडे गेले. त्या म्हणाल्या, “पालकांचा अर्ज गेला तर ते विचार करतील. पालकांना एकत्र कर.”

मी एकत्र केलं. शाळा सुटल्यावर पाच-सहा दिवस गल्लोगल्ली फिरले. अर्जाचा मसुदा मी केला आणि त्याची सुवाच्य प्रत सातवीतल्या एका मुलीने लिहून काढली. तिचं अक्षर असं होतं की फळ्यावरचा सुविचार कायम तीच लिहायची. तिचे वडील शहराबाहेर इच्छापोरला कंत्राटावर काम करायचे, पहाटे निघून संध्याकाळी परत. आई धागे कापायची. पहिली सही त्या आईची झाली, म्हणजे अंगठा. अंगठा देताना ती म्हणाली, “बाई, मन्ही पोरनं लिखेल शे ना? मग माले वाचानी गरज नही.” माझ्या पोरीने लिहिलंय, मग मला वाचायची गरज नाही. आणि तिने तो इतका जोरात दाबला की खालच्या पानावरही उमटला.

अर्ज तयार झाल्यावर मी तो स्वतः ट्रस्टच्या ऑफिसात नेऊन द्यायचं म्हणत होते. ताईंनी माझ्या हातातून फाईल घेतली. “तू नको,” त्या म्हणाल्या. “तू त्यांच्या डोळ्यावर येशील. मी मुख्याध्यापिका आहे, मी देते.”

मला तेव्हा हायसं वाटलं होतं. हे मी कितीही वेळा आठवलं तरी तेच आठवतं. मला हायसं वाटलं.

दोन दिवसांनी त्या म्हणाल्या, “दिला.” मी गल्लीत जाऊन सगळ्यांना सांगितलं, “दिला. उत्तर येईल.” पुढे दोन महिने गेले. पालक भेटले की विचारायचे, मी ताईंना विचारायचे, ताई म्हणायच्या, “मोठ्या लोकांची कामं, वेळ लागतो.” आणि मग सहलीची बातमी आली. बस ट्रस्टची, जेवण ट्रस्टचं. मला वाटलं, अर्जाचा परिणाम झाला. शाळा बंद करायची असती तर त्यांनी आमच्या मुलांवर एवढा खर्च कशाला केला असता?

राजवाडा एका जुन्या संस्थानाचा. सुरतेहून बसने अडीच तास. बसमध्ये सातवीची चौतीस मुलं, ताई, मी, आणि जेवणाची व्यवस्था बघायला ट्रस्टच्या ऑफिसातले एक कारकून. हे कारकून गुजराती, वयस्क, साधे. सगळ्या बायकांना बेन म्हणणारे. आमच्याशी बोलताना ते मराठी बोलायचा प्रयत्न करायचे, त्यात अर्धी गुजराती असायची.

बारडोली मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना ऊस लागला. साखर कारखान्याच्या मळीचा वास बसमध्ये शिरला, मुलांनी नाकं दाबली. रस्त्याच्या कडेला ऊसतोडीला आलेल्या लोकांच्या झोपड्या होत्या, काठ्यांवर प्लॅस्टिक टाकलेल्या. एका झोपडीपुढे एक बाई भांडी घासत होती. आमच्या बसमधल्या एका मुलाने ओरडून तिला अहिराणीत काहीतरी विचारलं, आणि तिने मान वर करून अहिराणीतच उत्तर दिलं. बस तोवर पुढे गेली होती. मुलं खूश झाली. ताई हसून मला म्हणाल्या, “तुझ्या माहेरची दिसते.” मीही हसले. त्या सकाळी आम्ही दोघी शेजारी बसलो होतो आणि त्यांनी आणलेल्या गूळपोळीचा अर्धा तुकडा माझ्या हातात होता.

राजवाडा दिसताच मुलं खिडक्यांना चिकटली. पिवळसर दगडाची लांबच लांब इमारत, मधे घुमट, पुढे कारंजी, आणि पायऱ्या इतक्या रुंद की आमचा सगळा वर्ग एका पायरीवर उभा राहिला तरी जागा उरली. अर्धा वाडा आता लग्नांसाठी भाड्याने देतात, अर्ध्यात संग्रहालय आहे. आत शिरताना चपला बाहेर काढायला लावल्या. फरशी थंडगार होती.

आमचा गाईड तरुण आणि उत्साही होता. तो हिंदीत सांगत होता आणि त्याच्या प्रत्येक वाक्यात राजाने काहीतरी केलेलं असायचं. राजाने हा वाडा बांधला. राजाने ही झुंबरं विलायतेहून आणली. बंदरापासून इथपर्यंत बैलगाड्यांतून, गवतात गुंडाळून, एकही काच न फुटता. एका मुलाने विचारलं, “राजा गाडी हाकत होता?” सगळे हसले. गाईडही हसला आणि पुढे चालू लागला.

दरबार हॉलमध्ये छताला एक लांब कापडी पंखा टांगलेला होता. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून पलीकडे गेलेली. गाईडने मुलांना पलीकडच्या बोळात नेऊन ते भोक दाखवलं. तिथे बसून एक माणूस दिवसभर दोरी ओढायचा. आतलं त्याला दिसायचं नाही. “और बहरा आदमी रखते थे,” गाईड म्हणाला, “ताकि राजकाज की बात सुन न सके.” मुलांना ती युक्ती फार आवडली. मी त्या बोळात जरा वेळ उभी राहिले. बोळ अरुंद होता, त्याला खिडकी नव्हती, आणि भिंतीवर माणसाची पाठ टेकेल तेवढ्या उंचीवर चुना गुळगुळीत झालेला होता. हॉलमधली प्रत्येक वस्तू कुठून आली, कुणी भेट दिली, हे पितळी पट्ट्यांवर लिहिलेलं होतं. इथे पट्टी नव्हती. मला वडिलांचे कान आठवले.

त्यापुढच्या खोलीत राजाचे कागद होते. काचेच्या पेट्यांत सनदा, पत्रं, मोहोरा. मुलं कंटाळली होती, ती तलवारींच्या खोलीकडे पळाली. सुंदर अक्षराची ती मुलगी मात्र एका पेटीपाशी थांबली. तिला अक्षराचा नाद, त्यामुळे जुनं लिखाण बघत होती. पिवळा पडलेला कागद होता, गुजराती अक्षरं, आणि खाली सह्यांच्या जागी चित्रं. नांगर, नांगर, नांगर, एक कुऱ्हाड, पुन्हा नांगर.

“बाई, हे काय?” तिने विचारलं.

“ज्यांना लिहिता यायचं नाही ते आपल्या कामाचं हत्यार काढायचे,” मी म्हणाले. “त्यांची सही ती.”

ती गुजराती वाचत होती, अक्षरावर बोट धरल्यासारखं काचेवरून बोट फिरवत. चार गावच्या लोकांनी राजाला विनंती केली होती की पेरणीच्या दिवसांत आम्हाला वाड्याच्या वेठीला बोलावू नये, पेरणी झाली की आम्ही येऊ. एवढंच. वेठ बंद करा असंही म्हटलेलं नव्हतं. शेवटी लिहिलं होतं, आम्ही आपली लेकरं आहोत. पेटीवरच्या पट्टीत त्या कागदाचं वर्णन होतं, ‘प्रजेचा महाराजांवरील विश्वास.’

गाईड आमच्या मागे येऊन उभा राहिला होता. मुलीने त्याला हिंदीत विचारलं, “फिर राजा ने क्या जवाब दिया?”

“जवाब का तो रिकॉर्ड नहीं है,” तो म्हणाला. “लेकिन महाराज बहुत दयालु थे. देखो, हर कागज़ कितना संभाल के रखा है.”

मुलीला ते पटलं नाही. ती माझ्याकडे वळली. “बाई, आपल्या अर्जाचं उत्तर आलं का?”

ताई दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, नेहमीसारखं, म्हणजे उत्तर त्या देतील म्हणून. त्या म्हणाल्या, “येईल, येईल. चला, जेवायची वेळ झाली.” आणि त्या आमच्या पुढे चालू लागल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा वरचा होता. मला तेव्हा त्यात काही दिसलं नाही. मला वाटलं, दमल्या असतील.

जेवण मागच्या बागेत होतं. पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड. मुलं पंगतीत बसली. ताई हात धुवायला गेल्या होत्या आणि मी कारकूनभाईंबरोबर वाढत होते. बोलता बोलता सहज म्हणाले, “भाई, आमच्या पालकांचा अर्ज साहेबांपुढे गेला का हो? मुलंही विचारायला लागली आता.”

ते पुऱ्यांची टोपली हातात धरून थांबले. “कसला अर्ज, बेन?”

“शाळा बंद करू नका म्हणून. ताईंनी दिला ना तुमच्याकडे. दोन महिने झाले.”

“माझ्याकडे तो आव्यो नथी,” ते म्हणाले. “आवकचं रजिस्टर मीच लिहितो, बेन. माझ्या हातातून गेल्याशिवाय वर काही जात नाही.” मग त्यांनी जरा आठवल्यासारखं केलं. “आणि मीटिंगमध्ये तर मोठ्या बेनने लेखी आप्युं छे, लिहून दिलंय, पालकांची काही हरकत नाही म्हणून. म्हणून तर साहेब खूश झाले. ही सहल त्याचीच तर...” माझा चेहरा पाहून ते थांबले. “तुम्हाला माहीत नव्हतं?”

मी म्हणाले, “होतं.” का म्हणाले ते कळत नाही. बहुतेक त्या माणसापुढे मला ताईंची लाज झाकायची होती. पंगतीत कुणीतरी श्रीखंड मागत होतं, मी जाऊन वाढलं. त्या मुलीच्या पानातही वाढलं. हात व्यवस्थित चालत होते.

ताई मला वाड्याच्या मागच्या सज्जात सापडल्या. तिथे जाळीच्या दगडी खिडक्या होत्या, राण्या जिथून बागेतले सोहळे बघायच्या त्या. त्या फोनवर बोलत होत्या, मला पाहून त्यांनी फोन ठेवला.

“ताई, अर्ज कुठे आहे?” मी विचारलं.

“कुणी काय सांगितलं तुला?”

त्या ‘कसला प्रश्न आहे हा’ म्हणाल्या असत्या, ‘दिला की’ म्हणाल्या असत्या, तर मी अजूनही त्यांचाच शब्द धरला असता. पण त्यांनी विचारलं, कुणी सांगितलं. मला उत्तर मिळालं.

“कुठे आहे?”

“माझ्या कपाटात आहे. नीट ठेवलाय.”

त्याच बोलत राहिल्या. “हे बघ, दिवाळीच्या आधीच ठरलं होतं सगळं. अर्ज दिला असता तरी काही झालं नसतं. उलट कुणी भडकवलं हे त्यांनी विचारलं असतं आणि तुझं नाव आलं असतं. मी तुला वाचवलं.”

“मग मला पालक एकत्र करायला का सांगितलंत?”

“तू रोज येऊन विचारत होतीस. तुला काहीतरी केल्यासारखं वाटावं म्हणून.” हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की त्यांना स्वतःलाही ते ऐकू गेलं नसावं.

“आणि पालकांची हरकत नाही, हे लिहून दिलंत?”

“मागितलं त्यांनी. मुख्याध्यापिकेची सही लागते.” त्या जाळीतून खाली बघायला लागल्या. खाली मुलं बागेत पळत होती. “नव्या शाळेत मला सुपरवायझर म्हणून घेतायत. माझी अजून सहा वर्षं आहेत. घरची परिस्थिती तुला माहीत आहे. तुझ्याइतकी कुणालाच माहीत नाही.”

मी मान हलवली. मला माहीत होती.

“आणि तुझंही नाव घातलंय मी यादीत,” त्या म्हणाल्या. “मराठी तिसरी भाषा राहील. तुला सांगणारच होते, सहल झाली की.”

तोपर्यंत मला राग आला होता, पण तो सांभाळता येण्यासारखा होता. हे ऐकल्यावर मात्र तो सांभाळता येईना. त्यांनी मला न विचारता त्यांच्या बाजूला उभं केलं होतं. गल्लीतल्या सगळ्यांना मी ‘दिला’ म्हणून सांगत फिरत होते तेव्हा माझं नाव त्या यादीत होतं. उद्या कुणी म्हटलं असतं की बाईला आधीच माहीत होतं, तर मी काय दाखवलं असतं?

“माझं नाव काढा,” मी म्हणाले.

“वेडेपणा करू नकोस.”

“काढा, ताई.”

परतीच्या बसमध्ये मी मागे, मुलांमध्ये बसले. मुलं पंख्याच्या दोरीबद्दल बोलत होती. बहिरा माणूस कसा ओळखायचा, कुणी बहिऱ्याचं सोंग घेतलं तर, यावर त्यांचा बराच वाद चालला. मी खिडकीबाहेर बघत होते. दिवसभर जे पाहिलं त्याचा मला राग येत होता, तो राजावर नव्हता. राजा कोण, कसा होता, मला काय ठाऊक. मी त्या माणसाचा विचार करत होते, ज्याच्या हातात चार गावच्या लोकांनी तो कागद दिला असेल. ते काही सरळ राजापुढे गेले नसतील. कुणीतरी असेल मधला, लिहितावाचता, त्यांच्याशी गोड बोलणारा, कदाचित त्यांच्यातलाच. ‘तुम्ही नका येऊ, मी देतो’ म्हणणारा. वाडा एवढा मोठा असतो, की राजाला स्वतः फारसं काही करावं लागत नाही. सत्तेबद्दल मी वर्षानुवर्षं मुलांना नागरिकशास्त्रात शिकवलं होतं. तो धडा मला त्या दिवशी कळला, आणि मी त्या साखळीत कुठे उभी होते हेही कळलं. गल्लीतल्या बायकांनी कागद ताईंच्या हातात दिलाच नव्हता. त्यांनी तो माझ्या हातात दिला होता.

दुसऱ्या दिवशी मी ताईंच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी कपाट उघडून फाईल काढून दिली. अर्ज खरंच नीट ठेवलेला होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडीसुद्धा न मोडता. त्या म्हणाल्या, “विचार कर अजून.” मी फाईल घेऊन बाहेर आले.

त्या मुलीच्या घरी दुपारी गेले. आई दारात साड्यांच्या ढिगापुढे बसली होती, हातात छोटी कात्री. मी उंबऱ्यावर बसले आणि सगळं सांगितलं. ताईंचं सांगितलं, आणि माझंही, की मी स्वतः द्यायला हवा होता, घाबरले म्हणून दिला नाही. तिने ऐकताना हातातली साडी संपवली. मग ती घडी करून बाजूला ठेवली.

“म्हणजे तो कागद गयाच नही?”

“नाही.”

“तुम्ही तं सांगेल व्हतं, दिधा म्हनीसन.”

“हो. मी सांगितलं होतं.”

तिने कात्री खाली ठेवली. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मग म्हणाली, “आते दिसूत.” आता देऊ. आणि उठून ओढणीने हात पुसत शेजारणीला हाक मारली.

अकरा बायका आल्या. आम्ही ट्रस्टच्या ऑफिसला पोचलो तेव्हा तीन वाजले होते. अध्यक्ष बाहेरगावी आहेत असं सांगितलं, त्यांची गाडी खाली उभी होती. आम्ही जिन्यात बसलो. साडेपाचला कारकूनभाई बाहेर आले, माझ्याकडे न बघता अर्ज घेतला, शिक्का मारला, आणि प्रत परत देताना हळूच म्हणाले, “बेन, आवकमध्ये नोंद करी दीधी छे.” बायकांना तो शिक्का बघायचा होता. प्रत हातोहात फिरली. एकीने विचारलं, आता होईल ना? मी म्हणाले, “माहीत नाही.” गल्लीतल्या त्या बायकांना मी ते पहिल्यांदा म्हणत होते.

झालं काहीच नाही. परीक्षा संपल्यावर शाळा बंद झाली. शेवटच्या दिवशी ताईंनी मुलांपुढे भाषण केलं, सुंदर मराठीत. भाषण संपल्यावर त्यांनी मला जवळ घेतलं. सगळे बघत होते म्हणून मी दूर झाले नाही, आणि त्याचाही मला पुढे बरेच दिवस राग येत राहिला.

मी नव्या शाळेत गेले नाही. याचं कौतुक कुणी करू नये. नकाराचं पत्र लिहायला मला तीन आठवडे लागले आणि दोनदा मी ते फाडलं. आता मी उधन्याला एका क्लासमध्ये हिंदी शिकवते. ती मुलगी गुजराती शाळेत आहे. तिला एक इयत्ता मागे बसवलं. तिची आई भेटते. माझ्याशी बोलते, चहा देते, पण मुलीच्या शाळेचं काही काम असलं तर मला सांगत नाही, दुसऱ्या कुणाला तरी विचारते. ती चुकते आहे असं मला म्हणता येत नाही.

मागच्या महिन्यात ताई भेटल्या, बसस्टॉपवर. केस बरेच पांढरे झालेत. त्यांचे यजमान गेल्याचं मला कळलं होतं आणि मी गेले नव्हते.

“तू एक फोन तरी करायला हवा होतास,” त्या म्हणाल्या.

“काय बोलले असते?”

“काहीही. तुझा आवाज ऐकला असता.”

मी म्हणाले, “मला अजून कळत नाही, ताई, की तुम्ही मला आधी का नाही सांगितलं. मी कदाचित ऐकलंही असतं तुमचं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “म्हणूनच नाही सांगितलं,” त्या म्हणाल्या. “तू ऐकलं असतंस आणि मग जन्मभर मला दोष दिला असतास.”

यावर मी खूप विचार केला आहे. ते खरं असेल. खोटंही असेल, मागाहून सुचलेलं. त्यांच्या कुठल्याही वाक्याबद्दल आता मला नक्की काही सांगता येत नाही, आणि मला वाटतं माझं जे गेलं ते हेच. चौदा वर्षांतली प्रत्येक चांगली गोष्ट मी पुन्हा उचलून उलटीसुलटी करून बघते. आईजवळ त्या बसल्या होत्या ते खरं होतं का? असणारच. तरी बघते.

बस आली. आम्ही दोघी एकाच बसमध्ये चढलो. त्या खिडकीपाशी बसल्या आणि शेजारच्या जागेवरची पिशवी उचलून त्यांनी मांडीवर घेतली. मी दांडी धरून उभी राहिले. दोन स्टॉपनंतर एक बाई चढली आणि त्या जागेवर बसली. मला बरं वाटलं. मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं, आणि माझा स्टॉप यायच्या आधीच मी उतरले.